दोन तारा, एक बोट

बारा तारांची गिटार मांडीवर घेतली की आधी जाणवतो तो ताण. सहा तारांच्या गिटारपेक्षा तिची मान रुंद, खुंट्यांचं डोकं जड. सगळ्या तारा पूर्ण सुरात चढवल्या की त्यांची एकत्रित ओढ शंभर किलोच्या वर जाते. एवढं ओझं पेलणाऱ्या त्या पातळ लाकडातून निघणारा आवाज मात्र झिरमिरता असतो, श्रावणातल्या उन्हात पडणाऱ्या सरीसारखा. ती ओढ आणि हा हलकेपणा एकाच लाकडात नांदतात, याचं मला अजून नवल वाटतं.

तारा बारा, पण जोड्या सहा. सर्वांत उंच सुराच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा सारख्याच, एकाच सुरात मिळवलेल्या. उरलेल्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिच्या शेजारी त्याच सुराची, पण एक सप्तक वरची बारीक तार. बोट एकच, ते दोन्ही तारांना एकदम दाबतं. त्यामुळे खर्ज छेडला की त्याच्याबरोबर वरच्या सप्तकातून त्याचंच उत्तर येतं.

या रचनेतली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे तिसरी जोडी. तिच्यातली बारीक तार पाव मिलिमीटरहूनही पातळ, आणि तुटते तीच सर्वांत जास्त वेळा. तिचा सूर पहिल्या जोडीच्याही वर असतो. पहिली जोडी सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते, ही ३९२ वेळा. म्हणजे या गिटारची टीप काठावर नाही, ऐन मध्यात दडलेली आहे. सहा तारांवर हात फिरवला की सूर पायऱ्यांसारखे ओळीनं चढतात. इथे ती ओळच राहत नाही. खर्जाला लागून मधला सूर येतो, मध्येच टीप चमकून जाते, आणि पुन्हा थोडं खाली उतरून हात थांबतो. साधी कॉर्ड धरली तरी आतून काहीतरी हललं असं वाटतं, ते यामुळे.

सूर मिळवायला वेळ लागतो, आणि तो द्यावाच. आधी सहा मुख्य तारा लावायच्या, मग जोडीतली एक तार बोटानं दाबून गप्प करायची आणि दुसरी लावायची. पण शेवटच्या तारेपर्यंत पोहोचलो की मान किंचित वाकलेली असते आणि पहिल्या तारा उतरलेल्या असतात. मग पुन्हा एक फेरी. मुंबईच्या पावसात लाकूड फुगतं, खारट दमट हवेनं बारीक तारांना गंज धरतो, तेव्हा आणखी एक. अनेक वादक सगळ्या तारा एक-दोन फ्रेट खाली उतरवूनच ठेवतात. मीही तसंच करतो. लाकडाला विसावा मिळतो आणि आवाजाला गोलाई येते.

ट्यूनर दोन तारांना एकच खूण दाखवतो, तरीही कानाला त्या पूर्ण एक झालेल्या वाटत नाहीत. एक तार सेकंदाला २४७ वेळा हलत असेल आणि दुसरी २४८ वेळा, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. फरक वाढला की तो डोल कणसूर होतो. अगदी थोडका राहिला तर सुराला श्वास मिळतो. तानपुऱ्याच्या मधल्या जोडीवर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. षड्जाच्या त्या दोन तारा मिळाल्या की खोली भरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अमेरिकेच्या दक्षिणेत या गिटारला रस्त्यावरचं आयुष्य मिळालं. अटलांटातला अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल १९२८ साली 'स्टेट्सबरो ब्लूज' ध्वनिमुद्रित करताना हीच गिटार वाजवत होता. त्याची बोटं हलकी, जवळपास नाचरी. लेड बेली या दुसऱ्या गायकाचं वाजवणं याच्या अगदी उलट. १९३३ साली लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन आणि ॲलन लोमॅक्स या बापलेकांनी त्याचं गाणं पहिल्यांदा टिपलं. तो तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवायचा आणि अंगठ्यानं खर्जात असा चालत राहायचा की एकट्या माणसामागे अख्खा ताफा उभा आहे असं वाटावं.

पुढे फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती न्यूयॉर्कमध्ये रिकनबॅकर कंपनीची विजेवर चालणारी बारा तारांची गिटार आली. त्याच वर्षीच्या 'अ हार्ड डेज नाइट' या गाण्याच्या सुरुवातीच्या कॉर्डमध्ये तीच झणकारते. त्याच नावाचा चित्रपट पाहून 'द बर्ड्स'च्या रॉजर मॅकग्विननं तशीच गिटार घेतली, आणि १९६५मध्ये 'मिस्टर टॅम्बरिन मॅन'मधून घंटेसारखा तिचा आवाज घरोघरी पोहोचला. रिकनबॅकरमध्ये एक बारीक फरक आहे. बहुतेक गिटारींवर खाली येणारा पिक जोडीतल्या बारीक तारेला आधी भेटतो. रिकनबॅकरवर आधी जाड तार वाजते, मग बारीक. क्षणाचाही नसलेला हा क्रम बदलला की आवाजाचा स्वभाव बदलतो.

मॅकग्विन आधी बँजो वाजवायचा. त्यामुळे त्याचा हात कॉर्ड एकदम झोडत नाही, एकेक जोडी सुटी करत जातो. मला त्याच्याकडून मिळालं ते हे. या गिटारवर प्रत्येक सूर जोडीनंच येतो, रेंगाळतो, शेजारच्या सुरात मिसळतो. त्याच्यावर आणखी सूर रचले की सगळ्यांचा गलबला होतो. सहा तारांवर जिथे चार सूर लागतात तिथे इथे दोन पुरतात, आणि उरलेली जागा तारा स्वतः भरून काढतात. द्रुत ताना, तार ओढून घेतलेल्या मींडी तिला फारशा मानवत नाहीत. तिला हवा असतो थोडा अवकाश आणि आपण वाजवलेलं पूर्ण ऐकणारा कान.

म्हणून ज्याला ही गिटार शिकायची आहे त्यानं पहिले काही दिवस कॉर्ड धरूच नयेत. तिसरी जोडी घ्यावी, एका फ्रेटमागे बोट ठेवावं आणि सावकाश छेडावं. कधी जाड तार एकटीच बोलेल, बारीक नुसतीच खरखरेल; कधी याच्या उलट होईल. बोटाचा कोन किंचित बदलत राहावा, जोर वाढवू नये. दोन्ही तारा एका दाबात सारख्या बोलू लागल्या की पुढची जोडी घ्यावी. सहाही जोड्या अशा ओळखीच्या झाल्या की मग हवं ते गाणं घ्यावं, आणि त्यातले निम्मे सूर गाळून वाजवावं.