धुऊन उरलेला उजेड

म्हातारपणी मी कांद्याच्या साली मागत बाजारात हिंडेन, असे भविष्य एखाद्या ज्योतिषाने वर्तविले असते, तर मी त्याला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते. पण गेल्या आषाढात तो योग आला खरा. माझी नात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते आहे. एका संध्याकाळी तिने फर्मान काढले, "आजोबा, मला कांद्याच्या साली हव्यात. पिशवीभर."

आम्ही राहतो चिंचवडला. तिथून चाकणचा कांदाबाजार काही परदेशात नाही. भोसरी, मोशी करीत, ट्रकांच्या रांगांतून वाट काढीत मी तिथे पोचलो. अडत्याने मला नखशिखांत न्याहाळले. साली त्याने फुकट दिल्या, पण कुतूहल काही त्याला आवरेना.

"काका, काय करता यांचं?"

"दिवे लावतो," मी म्हणालो.

या वयात हा गृहस्थ काय दिवे लावणार, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला.

पण माझे उत्तर अगदीच खोटे नव्हते. त्या साली पाण्यात घालून बंद भांड्यात दाबाखाली शिजवायच्या होत्या. "म्हणजे आपला कुकरच की!" असे आमची ही म्हणाली, आणि नातीने ते मान्य केले. कुकरची शिटी होते तेव्हा आत सुमारे १२० अंश सेल्सिअस उष्णता असते. २०१२ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी तेवढ्याच उष्णतेवर संत्र्याच्या रसातून कार्बनचे सूक्ष्म ठिपके काढले. २०१६ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या मंडळींनी कांद्याच्या टाकाऊ भागातून ते काढून दाखविले. सूक्ष्म म्हणजे किती? मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. असल्या दहा भागांहूनही ठिपका लहान. अतिनील दिव्याखाली तो निळसर हिरवा उजळतो.

याचा उपयोग काय? संशोधकांना पेशीचे अंतरंग पाहायचे असते. पण पेशी बहुधा पारदर्शक. तिच्यात काहीतरी उजळणारे सोडल्याशिवाय ती आपले गुपित सांगत नाही. ज्या क्वांटम ठिपक्यांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या कामी येतात. पण त्यांतल्या पुष्कळांत कॅडमियम असते, आणि कॅडमियम विषारी. कांदा बिचारा फार तर डोळ्यांत पाणी आणतो.

ते पाणीही लवकरच आले.

शिजलेला काढा गाळून दिव्याखाली धरला तेव्हा तो असा काही उजळला, की नातीने प्रयोगशाळेतूनच मला फोटो पाठविला. पुढची पायरी धुण्याची. काढा एका पातळ पापुद्र्याच्या पिशवीत भरून ती शुद्ध पाण्यात बुडवून ठेवतात. पिशवीची छिद्रे इतकी बारीक, की लहान रेणू तेवढे बाहेर निसटतात आणि ठिपके आत राहतात. मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्त धुतात ना, त्याच जातीचा हा प्रकार. पाणी बदलत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाहते तो काय, उजेड बाहेरच्या पाण्यात आणि पिशवीत अंधार!

त्या रात्री ती जेवली नाही. मी खोलीत जाऊन बसलो, तेव्हा तिने सगळे सांगितले. उजळत होते ते ठिपके नव्हेतच. शिजताना तयार झालेले कसले तरी साधे रेणू होते. अहवाल द्यायला आठ दिवस उरले होते.

"मैत्रिणी म्हणतात, धुण्याआधीचाच नमुना पेशींना दे. फोटो सुरेख येतील. कोण विचारतंय?"

शास्त्रातले मी तिला काय सांगणार? पण अतिनील दिवा माझ्या ओळखीचा होता. माझी छत्तीस वर्षे याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून गेली, आणि त्यांतली निम्मी एका अंधाऱ्या खोलीत त्या दिव्यापुढे. गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग आमच्याकडे येत. त्यांवर उजळणारा रंग लावायचा, तो मुरू द्यायचा आणि मग वरचा रंग धुऊन काढायचा. तडा असेल तर त्यात मुरलेला रंग दिव्याखाली पिवळ्या-हिरव्या रेघेसारखा दिसे. सारी कला धुण्यात. कमी धुतले तर सगळा भागच चकाकतो आणि तडा ओळखू येत नाही. जास्त धुतले तर तड्यातला रंगही वाहून जातो.

जी गोष्ट मी कुणालाही, हिलासुद्धा, सांगितली नव्हती, ती त्या रात्री नातीला सांगितली. एकदा रात्रपाळीला एका भागावर नखाएवढी रेघ उजळली. माल पहाटे जायचा होता. वरिष्ठ म्हणाले, "पुन्हा धुऊन बघा." मी धुतले. रेघ फिकी झाली. आणखी धुतले. रेघ गेली.

"मग?"

"मग काय! शिक्का मारला."

तो भाग कुठल्या गाडीत बसला, त्याचे पुढे काय झाले, मला आजवर कळलेले नाही. कदाचित काहीच झाले नसेल. पण रस्त्यात अपघात झालेली गाडी दिसली, की अजूनही माझी नजर आधी तिच्या चाकांकडे जाते.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही उजेड जावा म्हणून धूत बसलात, आणि मी तो जाऊ नये म्हणून धुणंच टाळणार होते."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या बाईंकडे गेली आणि खरे ते सांगून आली. परतली ती नवल घेऊन. असे फसणारी ती एकटी नव्हती. सायट्रिक आम्लापासून केलेल्या ठिपक्यांच्या झगमगाटातही एका लहानशा रेणूचा मोठा वाटा असल्याचे २०१५ साली दिसून आले होते. आणि गंमत पाहा, २००४ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात हे ठिपके प्रथम सापडले, तेच मुळी कार्बनच्या नळ्यांची काजळी शुद्ध करताना. धुण्यानेच त्यांचा पत्ता लागला होता!

साली पुन्हा शिजल्या, या वेळी अधिक उष्णतेवर आणि अधिक वेळ. पुन्हा धुणे झाले. पिशवीत उजेड उरला. पहिल्याच्या मानाने अगदीच मंद. पेशी स्वतःही थोड्या निळसर उजळतात, म्हणून ठिपके न दिलेल्या पेशींचा फोटोही तिने शेजारी ठेवला. दोहोंतला फरक मला चष्मा पुसून पाहावा लागला. पण फरक होता. अहवालात तिने दोन्ही प्रयोग लिहिले, फसलेला आधी. तिला गुण किती मिळतील, देव जाणे.

परवा देवापुढची समई जरा जास्तच धुरकटली. मेणबत्तीच्या काजळीतूनही असले ठिपके निघतात, हे २००७ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सिद्ध झाले आहे म्हणे. नातीने लगेच ताटलीवर काजळी धरली आणि आजीला बजावले, "ही कुणी पुसायची नाही हं!"

"नाही पुसत," ही म्हणाली, "पण काजळी काढून घेतलीस की ताटली मात्र तूच धुवायची."