किती पळती?

दारात हिरव्या पाटीची गाडी उभी राहिल्यापासून उचगावात लोक मला दोन शब्दांनीच थांबवतात. "किती पळती?" डेअरीत दूध घालून परतणारे, गांधीनगरात कापडाच्या दुकानात कामाला जाणारी पोरं, शेजारचे आण्णा, सगळ्यांचा हाच प्रश्न. कंपनीच्या कागदावर उत्तर तयार आहे, ४२१ किलोमीटर. मी ते सांगत नाही. मी म्हणतो, "हायवेला ऐंशीच्या आसपास ठेवली तर अडीचशे धरा. शंभरच्या पुढं हाणली तर दोनशे." आण्णांनी हिशेब करून टाकला, "मग निम्म्यानं फसवलं की रे तुला."

फसवलेलं नाही. पुण्यात कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथं गाड्यांची अशी प्रमाणपत्रं ठरतात. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगानं, ठरलेला वेळ पळवतात. समोरून वारा नाही, चढ नाही, एसी बंद, आणि मागच्या सीटवर आई, बायको, दोन पोरं आणि बाजाराच्या पिशव्याही नाहीत. त्या परीक्षेत ४२१ खरेच आहेत. तावडे हॉटेलच्या चौकात एप्रिलच्या उन्हात एसी लावून उभं राहायचं असेल तर आकडा दुसरा.

गाडी म्हणजे टाटाची पंच इव्ही. जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा किंमत १०.९९ लाखांपासून सुरू होत होती. बॅटरी तेव्हा दोन मापांत होती, २५ आणि ३५ युनिटांची. मी मोठी घेतली. माझं काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, मेंटेनन्सला, त्यामुळे मला सगळं युनिटांतच कळतं. आमच्या इंडक्शन फर्नेसला एक टन बीड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात. ही गाडी घरच्या चार्जरमधली गळती धरून शंभर किलोमीटरला तेरा-चौदा युनिट घेते. म्हणजे आम्ही एका टनाला जेवढी वीज जाळतो, तेवढ्यात ही उचगावहून दिल्लीला जाऊन परत येईल आणि वर शिल्लक राहील. हा हिशेब मी कॅन्टीनमध्ये मांडला तेव्हा मेल्टिंगचा ऑपरेटर म्हणाला, "मग रोज एक हीट कमी काढूया, सगळ्यांना गाड्या." हसण्यावारी गेलं. पण गाडीला वीज किती लागते याचा अंदाज त्या दिवशी साऱ्या खात्याला आला.

उचगावात राहणाऱ्याला गाडी रोज किती लांब न्यावी लागते, हेही बघा. एका अंगाला तावडे हॉटेल, पुढं पंचगंगेचा पूल आणि शिरोली. दुसऱ्या अंगाला सरनोबतवाडी, उजळाईवाडीचं विमानतळ, गोकुळ शिरगाव. गांधीनगर तर चालत जावं इतकं जवळ. कामावर जाणं-येणं, पोरीचा क्लास, लक्ष्मीपुरीतून किराणा, असं सगळं धरूनही दिवसाला चाळीसच्या वर क्वचित जातं. त्याला सहाएक युनिट. मी रात्री दोन तास लावतो, सकाळी भरलेली असते. रेंज संपायची भीती मला उचगावात कधी वाटली नाही. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.

आमचं घर वडिलांनी बांधलेलं. प्रत्येक खोलीत तीन भोकांचे सॉकेट आहेत, आणि त्यातलं वरचं मोठं भोक बहुतेक ठिकाणी शोभेचं. मागं वायरच नाही. फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांना त्याचं काही वाटत नाही, ते चालतात. गाडीचा चार्जर मात्र प्लग घातल्या घातल्या आधी अर्थिंग तपासतो. ते मिळालं नाही तर लाल दिवा लावतो आणि वीज घेतच नाही. गाडी ठरवण्याआधी मी घरात टेस्ट लॅम्प घेऊन फिरलो. फेज आणि न्यूट्रलला दिवा लख्ख, फेज आणि अर्थला कुठं मिणमिणता, कुठं लागतच नाही. बायको म्हणाली, "गाडी बघायला जायचंय का घर?"

गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत उपाय सांगितला, "साहेब, अर्थच्या पिनला न्यूट्रलचा जंपर मारतो. चार्जरला कळतबी नाही." खरंच कळत नाही. बऱ्याच ठिकाणी असंच करून गाड्या चार्ज होतात, हे मला नंतर लोकांशी बोलताना समजलं. पण मागं खांबावर कधी न्यूट्रल तुटला, तर त्या जंपरमधून गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि पावसात अनवाणी पोरगं दाराला हात लावतं. कारखान्यात असला जंपर सापडला तर मी माणसाला घरी पाठवतो. त्या वायरमनला चहा दिला आणि खड्डा खणायला सांगितला.

परसात खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला पाईप. तिथून मीटरपर्यंत आणि मीटरपासून पोर्चपर्यंत चार एमएमची वेगळी वायर, तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी, शेवटी सोळा अँपिअरचा दणकट सॉकेट. मोजून बघितलं, पाच ओहमच्या आत आलं. आमची माती काळी, ओल धरते, म्हणून सोपं गेलं. उन्हाळ्यात मात्र आठवड्याला घागरभर पाणी ओतावं लागतं. आई तुळशीला पाणी घालता घालता तिथंही घालते. गाडीच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही, पण शोरूममध्ये बॅटरी आणि सनरूफबद्दल तासभर ऐकून घेतलं तरी अर्थिंगचं अवाक्षर निघत नाही. माझं मत विचाराल तर गाडी बघायला जाण्याआधी घराचं अर्थिंग मोजून घ्या.

बिलाचंही तसंच. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटांपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढं आणखी. गाडी महिन्याला दीड-पावणेदोनशे युनिट घेते. ती घरच्या युनिटांच्या डोक्यावर बसते, म्हणून प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यातल्या महाग दरानं पडतं. लोक सांगतात "किलोमीटरला रुपया", ते खालच्या टप्प्याचा दर धरून. माझ्या पहिल्या बिलात तसं काही दिसलं नाही. तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच. यावर दोन वाटा आहेत. गाडीसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याचा दर वेगळा असतो; २०२४ च्या केंद्राच्या नियमांनी ग्राहकाला तसा हक्कच दिला आहे. दुसरी वाट छतावर सोलर. मी ही घेतली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, आणि तीन किलोवॅटवर आमच्याकडं निरभ्र दिवसाला बारा-तेरा युनिट निघतात. गाडी दिवसा कारखान्यात उभी असते आणि चार्ज रात्री होते, पण नेट मीटरिंगमुळं दिवसाची युनिटं खात्यावर जमा राहतात. आषाढ-श्रावणात मात्र सूर्य आमच्याकडं फिरकत नाही, तेव्हा बिल भरायचं.

पुण्याची गोष्ट वेगळी. उचगाव ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे अगदी काठावर. एका दमात जाता येईल, पण जाऊ नये. आमच्या कास्टिंगचं मशीनिंग चाकणला होतं, म्हणून तो रस्ता माझ्या पायाखालचा. गंमत अशी की सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय, जागोजागी डायव्हर्जन, सर्व्हिस रोडवर ट्रकांच्या मागं रांग. पेट्रोलवाला वैतागतो, माझी रेंज वाढते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि पंचसारख्या उभट गाडीला तो जास्तच जाणवतो. ऐंशीवरून शंभरवर गेलं की पाचवा-चौथा हिस्सा रेंज गळते. गळीत हंगामात तर उसाच्या डबल ट्रॉलीमागं अडकलो की स्क्रीनवरचा आकडा कमी व्हायचं नाव घेत नाही.

साताऱ्याच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे. तिथं दोन गन, एक बंद. दुसरीला एक टॅक्सी लागलेली, ड्रायव्हर आत झोपलेला. त्याची ९१ टक्के झाली होती. दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत फास्ट चार्जिंग तासाभरात होतं, पण ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच वीज घेणं कमी करते. भरलेल्या एसटीत शेवटच्या चार माणसांना चढायला जेवढा वेळ लागतो तसं. मी काच वाजवली. "दादा, पुढं कुठं जाणार?" "कराड." "मग नव्वदीची काय गरज?" तो म्हणाला, "मालकानं शंभर करूनच निघ म्हणून सांगितलंय." मालकाला फोन लावून दिला, समजावलं, सुटलो. पुढचं अडलं ते ॲपमध्ये. पैसे वॉलेटात भरले, चार्जिंग सुरू व्हायच्या आत नेट गेलं, पैसे अडकले. ते परत आले, पण चार दिवसांनी. पेट्रोल पंपावर नोट देऊन निघता येतं. इथं प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट. मी आता सातारला थांबायच्या आधी कराडला एकदा बघून घेतो. चार्जर कुठं आहे एवढं पुरत नाही, तो आज चालू आहे का हे विचारावं लागतं.

घाटाबद्दल लोक उगाच घाबरवतात. ताई आणि दाजी रत्नागिरीला असतात, आंबा घाटानं जाणं होतं. दाजींनी आधीच फोनवर बजावलं होतं, "पावणं, घाटात बॅटरी उतरंल, दोर घेऊन या." घाट पाचशे-सहाशे मीटरचा धरा, माणसांसकट गाडी सोळाशे किलोची. एवढं वजन तेवढं वर चढवायला अडीच-तीन युनिट जास्तीची लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. बस्स. शिवाय आपण देशावरचे, आधी उतरतो. उतारावर पॅडल सोडलं की मोटर जनित्र होऊन वीज परत बॅटरीत घालते. आंब्याहून साखरप्यात पोचेपर्यंत टक्का खाली यायच्या ऐवजी वर गेला, आणि मागच्या सीटवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त घाटाच्या तोंडाशी बॅटरी गच्च भरलेली नको. भरलेली असली तर ती परत येणारी वीज घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कोल्हापूर ते आंबा सत्तर किलोमीटरचं अंतर असल्यानं तशी वेळ येत नाही.

खरी पंचाईत रत्नागिरीत झाली. दाजींच्या पोर्चमध्ये सॉकेट होतं, अर्थिंगची वायरही होती, पण घर जांभ्यावर. जांभा दगड पाणी धरत नाही, त्यात अर्थिंग मिळणं मुश्कील. चार्जरनं लाल दिवा दाखवला. दाजींनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, मग मीठ, मग आणखी पाणी. दिवा लालच. शेवटी शहरातल्या एका चार्जरवर जाऊन तासभर उभा राहिलो. घाटात न अडलेली गाडी घराच्या पायरीशी अडली, याचं दाजींना जरा समाधानच वाटलं असावं.

महापुराचं विचारणारेही भेटतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा महामार्गावर आली आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली. बॅटरी आयपी ६७ आहे, म्हणजे बंद डबा थोडा वेळ पाण्यात राहिला तरी आत पाणी शिरत नाही. कंपनी ३५ सेंटिमीटर पाण्यातून जाता येतं म्हणते. पण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी धोक्याच्या त्रेचाळीस फुटांच्या वर गेली की कुठलीच गाडी बाहेर काढायची नसते. त्या पुरांत टँकर अडकून पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि वीजही कित्येक भागांत गेली होती. पेट्रोल काय नि वीज काय, दोन्ही सारखीच अडली.

फौंड्रीच्या आवारात गाडी पहिल्यांदा लावली तेव्हा आमचे मालक स्वतः बाहेर आले. त्यांचा धंदा सिलिंडर ब्लॉक आणि हेडचा. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत चौदा लिटरचा एक डबा, खाली मोटरचं ॲल्युमिनियमचं घर. ब्लॉक नाही, हेड नाही, फ्लायव्हील नाही. "आमच्याच पोटावर पाय देऊन आलास की," म्हणाले, आणि वाकून चाकामागं बघत राहिले. ब्रेक आणि सस्पेन्शनमध्ये अजून बीड आहे, हे त्यांना माहीत होतं. आठवड्याभरात त्यांनी ट्रॅक्टर आणि पंपांच्या कामाचं कोटेशन कुणाकुणाकडं टाकता येईल याची यादी काढायला सांगितली. त्यात माझ्या गाडीचा वाटा किती, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

आता माझा भाचा हीच गाडी घ्यायची म्हणतोय. तो सरनोबतवाडीत अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, पार्किंग खाली, उघडं, आणि मीटरची खोली कुलपात. त्याला मी स्पष्ट सांगितलं, "आधी सोसायटीच्या मीटिंगला जा. खाली तुझ्या नावाचं मीटर आणि अर्थिंग येत असेल तर पंचवीस युनिटांचीसुद्धा तुला पुरेल. येत नसेल तर पस्तीसचीही घेऊ नको." तो थोडा खट्टू झाला. मीटिंग पुढच्या रविवारी आहे, आणि अध्यक्षांनी त्याला आधीच विचारलंय की बिल कोण भरणार.