बाटलीतला दाब

आल्याचं फसफसणारं पेय घरी करताना माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या, पण सगळ्यांचं मूळ एकच होतं. मी दिवस मोजले, साखर मोजली नाही.

घरी बिअर करणं महाराष्ट्रात कायद्यात बसत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे. म्हणून मी आल्याकडे वळलो. बाटलीत वायू धरण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच. यीस्ट साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल तयार होतं. बूच घट्ट असलं की वायू पेयातच मुरतो.

फरक आहे तो साखरेत. बिअर करणारे आधी आंबण्याची क्रिया पूर्ण होऊ देतात, मग लिटरमागे साधारण सहा-सात ग्रॅम साखर मोजून घालतात आणि बाटली बंद करतात. आल्याच्या पेयाला गोडी हवी असते, त्यामुळे साखर शिल्लक असतानाच बूच लागतं. माझ्या पेयात लिटरला 100 ग्रॅम साखर होती. ती सगळी आंबली तर जवळपास 50 ग्रॅम वायू तयार होतो. बाजारच्या कोल्ड्रिंकमध्ये तो लिटरला सात-आठ ग्रॅम असतो. हा हिशेब मी आधी केला असता, तर ती बाटली ओट्यावर ठेवण्याची हिंमतच झाली नसती.

कृती थंड हवेच्या देशातली होती, 20 अंशांच्या खोलीसाठी लिहिलेली. पनवेलच्या मे महिन्यात स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तापलेलं असतं. उष्णतेने यीस्टचं काम झपाट्याने होतं, आणि 30 अंशांच्या पाण्यात शून्य अंशांच्या निम्म्याहूनही कमी वायू विरघळतो. उरलेला काचेवर रेटा देतो. माझी बाटली सॉसची होती, चौकोनी आणि पातळ. अशी बाटली कोपऱ्यांत दाब सोसत नाही. गोटी सोड्याची बाटली जाड आणि गोल असते ती याचसाठी.

बाटली दुपारी फुटली. काच मसाल्याच्या डब्यापर्यंत उडाली, आणि एक लांबट तुकडा ओट्याच्या कडेला, जिथे माझी मुलगी रोज दूध प्यायला उभी राहते, तिथे पडला होता. सुट्टीमुळे ती आजोळी होती. त्या तुकड्याकडे बघून माझे हातपाय गळाले. तरीही पुढची चूक मी लगेच केली: दाब सोडायला बाकीच्या गरम बाटल्या उघड्या हातांनी उघडू लागलो. एकीचं झाकण तोंडाजवळून गेलं. डोळ्यांवर चष्मा लावून, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, आधी त्या फ्रीजमध्ये गार करायला हव्या होत्या.

आता मी पेय कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांत भरतो आणि वर दोन बोटं जागा सोडतो. सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघतो. दाबली जाईना, की सगळ्या फ्रीजमध्ये. गारठ्याने यीस्ट मंदावतं, थांबत नाही, म्हणून पेय काही दिवसांतच संपवतो. जास्त ठेवलं तर अल्कोहोलही वाढतं. काचेत भरायचंच असेल, तर सोड्याची जाड बाटली घ्या आणि एक प्लास्टिकची बाटली अंदाजासाठी सोबत भरा. कृतीत लिहिलेले दिवस दुसऱ्या कुणाच्या हवेतले आहेत. तुमच्या ओट्यावरचा दाब तुम्हालाच हाताने तपासावा लागेल.