लाल शाई आणि लंपन

१९८३ साली आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलाने सुगीवर निबंध लिहिला होता. अनगोळात त्या काळी शेतकऱ्यांची घरे बरीच होती, त्यांपैकीच एका घरचा हा मुलगा. ‘मी बाबांबरोबर भात कापलो, बांधावर बसून भाकरी खाल्लो,’ असे त्याने लिहिले होते. आम्ही लाल शाईने ‘कापलो’चे ‘कापले’ केले, ‘खाल्लो’चे ‘खाल्ली’ केले आणि समासात ‘अशुद्ध’ असा शेरा मारला. पुढे वर्षभर त्या मुलाने नेमून दिलेल्या दहा ओळींपलीकडे काही लिहिले नाही. आम्हांला त्यात सुधारणा दिसली!

या ‘खाल्लो’ची उपपत्ती आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या आमच्या मराठीनेही तीच वाट धरली. परंतु १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यानंतर इथल्या मराठी शिक्षकाला आपली भाषा पुण्याच्या तोडीची आहे हे उठता-बसता सिद्ध करावेसे वाटू लागले. कन्नडचा वास येणारे प्रत्येक वाक्य आम्हांला फितुरीसारखे भासे.

१९९४ साली प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ आले. संत म्हणजे इंदिराबाईंचे चिरंजीव. बालपण बेळगावात गेलेले, पेशाने कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा त्यांचा लंपन त्यानंतरच्या तीन पुस्तकांतही भेटला. तोवर कुमारवयातील मुलगा म्हटला की आमच्यासमोर ‘श्यामची आई’तला श्याम उभा राही. पण श्यामची गोष्ट मोठा झालेला श्याम सांगतो, आणि सांगता सांगता शिकवतो. लंपन काहीच शिकवत नाही. तो गोंधळतो, सुमीच्या आठवणीने कासावीस होतो, गाण्याने भारून जातो. आणि त्याच्या भोवतीची माणसे बोलतात ती आमच्या पेठांतली, कन्नडच्या वळणाची मराठी. त्याच्या सोबत्याचे नाव कणबर्गी गंग्या! कणबर्गी हे इथून जवळचेच गाव. ते नाव ‘मौजे’च्या पुस्तकात छापलेले पाहून आम्ही एकटेच मोठ्याने हसलो, आणि पाठोपाठ त्या निबंधाची आठवण होऊन गप्प झालो.

सीमाभागाची कैफियत आम्ही सभांतून पुष्कळ ऐकली, क्वचित मांडलीही. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि त्या कैफियतीत आम्ही नेहमी कुणाचे तरी हक्काचे, नाहीतर कुणीतरी हिरावलेले असतो. लंपनच्या जगात या वादाला जागा नाही. दोन भाषांच्या मधोमध उभे राहणे त्याच्या लेखी घराच्या उंबऱ्यावर बसण्याइतके साधे आहे. त्या वयाच्या मुलांना आम्ही हा उंबरा दिला नाही, एवढे मात्र खरे.

२००३ साली संत अपघातात गेले. त्यांना पत्र लिहायचे आम्ही नऊ वर्षे मनात घोळवीत होतो. ते राहूनच गेले. तो विद्यार्थी अधूनमधून चौथ्या रेल्वे गेटापाशी भेटतो, अदबीने ‘सर, बरे आहात न्हवं?’ म्हणतो. निबंधाचा विषय काढण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही.

२०२४ साली लंपनवर मालिका आली. बंगळुरात वाढणाऱ्या आमच्या नातवाने ती पाहिली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत येथे आल्यावर पुस्तक मागितले. त्याला देवनागरी अडखळतच वाचता येते. जोडाक्षर आले की बोट थांबते. चार दिवस तो पुस्तक घेऊन झोपाळ्यावर बसून होता. पाचव्या दिवशी येऊन म्हणाला, ‘आजोबा, दोन गोष्टी वाचलो मी. तिसरी मोठी आहे, तुम्ही वाचून दाखवा की.’

आम्ही चष्मा शोधू लागलो.