अम्मींच्या गोळ्यांची पिशवी

एका संध्याकाळी मगरिबच्या फर्ज नमाजेत अम्मींनी दोनच रकात पढून सलाम फेरला. आम्ही आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "फजरच्या दोनच असतात ना!" घरात सगळे गप्प झालो. सत्तरी ओलांडली आहे, वय झाले, असे म्हणून आम्ही मनाची समजूत घातली.

त्याआधी काही दिवस अम्मी सांगत होत्या की तोंड कोरडे पडते, रोटी घशाखाली उतरत नाही. आम्ही म्हणालो, पाणी जास्त प्या. त्या पाणी पीत राहिल्या आणि वारंवार लघवीला जात राहिल्या. खरे तर लघवी आवरत नाही, वुजू टिकत नाही, म्हणूनच त्यांना ऑक्सिब्युटिनिनची गोळी सुरू झाली होती. पायांची आग होते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन दिली होती. सर्दीची गोळी आम्हीच दुकानातून आणत होतो. तिच्यात क्लोरफेनिरामिन होते.

शेवटी एका डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितले. पिशवी टेबलावर रिकामी करून ते म्हणाले, "तिन्हींचे काम वेगळे, पण एक गुण सारखा."

त्यांनी समजावले ते असे. ॲसिटिलकोलीन हे रसायन मज्जातंतूंचा निरोप पुढे पोहोचवते. तो निरोप घेणाऱ्या ग्राहींचा एक प्रकार म्हणजे मस्करिनिक. ग्राही हे कुलूप मानले, तर ही औषधे म्हणजे त्यात आधीच अडकवलेली खोटी किल्ली. तिने कुलूप उघडत नाही आणि खरी किल्लीही आत जात नाही. त्यामुळे मूत्राशयाचे स्नायू उगाच आवळत नाहीत, हा फायदा. पण अशीच कुलुपे लाळेच्या ग्रंथींत, आतड्यांत, डोळ्यांत आणि मेंदूतही असतात. म्हणून तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, अंधुक दिसते, विसर पडतो. तीन औषधांचा परिणाम एकत्र येतो आणि म्हाताऱ्या मेंदूला तो लवकर बाधतो.

ही औषधे वाईट नाहीत. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा जीव वाचवणारे ॲट्रोपिन याच जातीचे. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगावे. आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

डॉक्टरांनी सर्दीची गोळी थांबवली, रात्रीची हळूहळू कमी केली, लघवीसाठी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी मिराबेग्रॉन दिली. काही आठवड्यांत अम्मी पुष्कळ सावरल्या. अलहम्दुलिल्लाह, आता मगरिबच्या तिन्ही रकात नीट होतात.

प्रत्येकाचा विसराळूपणा गोळ्यांमुळेच असतो असे नाही. पण अम्मी आपला त्रास सांगत होत्या आणि आम्ही त्यांना वयाचे कारण देऊन गप्प बसवले, ही चूक आमची. आता कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी आम्ही बरोबर नेतो, आणि अम्मी काही सांगू लागल्या की हातातले काम ठेवून ऐकतो.