भिंतीवरचा माळढोक

सोलापुरात मुलांच्या खोल्यांच्या भिंती रंगवायला मला बोलावतात, तेव्हा आईबाबांच्या मोबाइलमध्ये चित्र आधीच ठरलेलं असतं: बर्फाचे डोंगर, नाहीतर जिराफ. मी विचारतो, नान्नजला माळढोक बघायला जाऊन आलात का? गावापासून जेमतेम वीस किलोमीटर.

माळढोकाचा नर उभा राहिला की सुमारे मीटरभर उंच भरतो, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाएवढा. भिंतीवर तो खऱ्या मापात काढता येतो. जिराफाचं तसं होत नाही. मूल माळढोकाच्या शेजारी उभं राहून स्वतःला मोजतं. काळी टोपी, लांब पांढरी मान, छातीवर काळा पट्टा, तपकिरी पाठ. रंग मोजकेच लागतात. मागे गवत, गवतात काळवीट. या पक्ष्यासाठी 1979 साली नान्नजला अभयारण्य झालं, तरी आज तो तिथे क्वचितच दिसतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपल्या मुलांना हा शेजारी ओळखता आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

घरच्या घरी हे चित्र नक्की जमतं. कागदावर एक सेंटिमीटरचे चौकोन आखा, भिंतीवर दहा सेंटिमीटरचे, आणि एकेक चौकोन उतरवत जा. सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवणारे असंच चित्र वाढवत. पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत असे फलक रंगवले, शिवाय मुलांच्या खोलीसाठी फर्निचर आणि खेळणीही घडवली. मुलांच्या खोलीचं काम दुय्यम समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

खरी मेहनत भिंतीची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावरच्या घरांच्या भिंतींना बारीक भेगा पडतात. त्या पुट्टीने भरा. जुना डिस्टेंपर हाताला लागत असेल तर पूर्ण खरवडा, नाहीतर चित्र पापुद्र्यांसह निघून येईल. मग प्रायमर, वर पाण्यात मिसळणारं इमल्शन. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो. पावसाची ओल गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास हे काम उत्तम होतं.

मूल भिंतीला हात लावणार, तोच हात तोंडात घालणार. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. डब्यावर ते वाचून घ्या. भिंतीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, धुळीतून शिसं उडतं.

गवत मात्र मुलालाच काढू द्या. खालून वर एकेक फटकारा, जाईल तिकडे. मोठ्यांनी ते सरळ करायला जाऊ नये.

यंदा दिवाळीला घराला रंग काढणार असाल, तर दुकानात जाण्याआधी एका सकाळी मुलाला नान्नजच्या माळावर न्या. गवत तेव्हा पिवळं पडू लागलेलं असतं. भिंतीचा रंग त्यालाच ठरवू द्या.