माणगंगेची वाळू आणि खाडींतील कालवें

सांगोल्याच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, हें वाचकांस थोडेंसें चमत्कारिक वाटेल. आमचें अर्धें आयुष्य पावसाची वाट पाहण्यांत जातें. आणि बाजारांत येणारे सुके बोंबील व सुकट यांपलीकडे समुद्राचा व आमचा फारसा परिचय नाहीं. तथापि गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत एक प्रसंग असा घडला कीं, या शाळेचा एक जुना विद्यार्थी या नात्यानें तो येथें सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची बदली रत्नागिरीस झाली आहे. भाऊबीजेस तिकडे जावयाचें ठरलें, तेव्हां आबांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, बरोबर घेतलें. आबांनीं पंढरीची वाट आयुष्यभर तुडविली. समुद्र मात्र त्यांनीं पंचाहत्तरीपर्यंत पाहिला नव्हता. मिरज, कोल्हापूर व आंबा घाट असा प्रवास करून आम्ही पाडव्याच्या रात्रीं पोहोंचलों आणि भाऊबीजेस उजाडतांच, ओवाळणीच्याही आधीं, आबांच्या आग्रहावरून भाट्याच्या खाडीवर गेलों. काजळी नदी येथें समुद्रास मिळते. अमावास्या उलटून दोनच दिवस झाले होते. त्यामुळें ओहोटी मोठी होती आणि एरवीं पाण्याखालीं असणारे खडक उघडे पडले होते.

दुरून ते खडक चुना फांसल्यासारखे पांढुरके दिसत होते. चपला हातांत घेऊन मीं त्यांवर पाय ठेवला मात्र, आणि टांच सरकन् कापली. वांकून पाहतों तों खडकाचा पृष्ठभाग म्हणून मी ज्यास समजलों होतों, तो सारा शिंपल्यांचाच होता. शिंपल्यावर शिंपला, त्यावर पुनः शिंपला, असे थरावर थर चढलेले. हींच कालवें.

पलीकडे दोन बाया उकिडव्या बसून टोकदार लोखंडी हत्यारानें तीं फोडीत होत्या. कालवाची एक शिंप खडकास घट्ट चिकटलेली असते व दुसरी तिजवर झांकणासारखी बसते. त्या बाया झांकण तेवढें उडवीत, आंतील मांस खरवडून डब्यांतल्या पाण्यांत टाकीत आणि खालची शिंप तशीच खडकावर राहूं देत. आबा शेतकरी. त्यांना वाटलें, अर्धा माल वायां जातो आहे. त्यांनीं न राहवून विचारलें, “ही खालची का नाही काढत, बाई?”

त्यांतली वयस्क बाई हंसली. म्हणाली, “ती काढायची नाय, बाबा. तिच्यावरच पुढचं बसतं.”

ती शिंप उपटण्यास कष्टही पुष्कळ पडत असतील. पण बाईनें सांगितलें तें शास्त्रास धरून आहे. कालव पाण्यांत लाखों अंडीं सोडतें. त्यांतून निघालेलें डोळ्यांस न दिसणारें पिलूं दोन-तीन आठवडे पाण्यांत तरंगतें आणि मग बसावयास कठीण जागा शोधूं लागतें. गाळांत रुतलें तर तें गुदमरून मरतें. खडक चालतो, पुलाचा खांब चालतो, कांदळाचें मूळही चालतें; परंतु त्याची विशेष आवड आपल्याच जातीच्या शिंपल्यांवर बसण्याची. जागा पसंत पडली कीं तें डावी शिंप तेथें कायमची चिकटवितें. पुढें साऱ्या आयुष्यांत तें तसूभरही हलत नाहीं. म्हणजे पूर्वजांचीं घरें शिल्लक असतील तरच पुढच्या पिढीस घर मिळतें.

आणि या घरांत कालवें एकटीं राहत नाहींत. मीं एका कपारींत डोकावून पाहिलें, तर बोटाच्या नखाएवढे खेंकडे, कोळंबीचीं पोरें, गोगलगाई आणि एक पट्टेरी मासोळी, असा मोठा संसार तेथें मांडलेला होता. कार्ल मोबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें 1877 सालीं कालवांच्या थरांवरच ग्रंथ लिहिला आणि अनेक जीव परस्परांच्या आधारानें एके ठिकाणीं नांदतात त्या समुदायास प्रथम शास्त्रीय नांव दिलें. आज शाळेंत जीवसमुदाय म्हणून जें शिकवितात, त्याचा उगम असा कालवांपाशीं आहे.

त्याहूनही मोठें काम डोळ्यांस दिसत नाहीं. भरतीचें पाणी आलें कीं कालव आपलें झांकण किंचित् उघडतें व कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीनें पाणी आंत ओढून घेतें. पाण्यांतील बारीक शेवाळ तें खातें. नको असलेला गाळ चिकट द्रवांत गुंडाळून बाहेर टाकतें व तो तळाशीं बसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचें एक मोठें कालव अनुकूल स्थितींत दिवसास 50 गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारें 190 लिटर, पाणी गाळूं शकतें. सांगोल्याच्या उन्हाळ्यांत एवढ्या पाण्यावर एक कुटुंब दिवस काढील! मात्र पाण्यांत गांवची घाण सोडली तर तीही कालवाच्या अंगांत सांठते व खाणाऱ्यास बाधते. कालव गाळणी आहे, जादूगार नव्हे.

त्याच अमेरिकेंत चेसापीक नांवाचा अवाढव्य उपसागर आहे. पूर्वीं तेथील कालवें साऱ्या उपसागराचें पाणी आठवड्याच्या आंत गाळीत असावींत आणि उरलेल्या कालवांस त्याच कामास जवळजवळ वर्ष लागेल, असा अंदाज 1988 सालीं प्रसिद्ध झाला. माणसानें मांस खाल्लें, शिंपलेही उपसून नेले. चुना भाजला, रस्त्यांत घातले. कोंकणांतही शिंपल्यांचा चुना पूर्वापार भाजीत आले आहेत. जगांतील कालवांच्या थरांपैकीं सुमारें 85 टक्के नाहींसे झाले, असें 2011 सालच्या एका पाहणींत शास्त्रज्ञांनीं म्हटलें आहे. आतां चेसापीकमध्यें उपाहारगृहांतले रिकामे शिंपले गोळा करून पुनः पाण्यांत टाकतात, नव्या पिलांस बसावयास जागा व्हावी म्हणून.

हें सारें मी घरीं परततांना मोठ्या उत्साहानें आबांस सांगत होतों. ते कांहीं बोलेनात. दुपारीं जेवणेंही मुकाट्यानें झालीं. संध्याकाळीं ओसरीवर बसले असतां एकदम म्हणाले, “आरं, ही तर आपल्या नदीची वाळूच की.”

मी काय समजावयाचें तें समजलों. माझ्या लहानपणीं माणगंगेच्या पात्रांत पुरुषभर वाळू होती. वरचें पाणी आटलें तरी वाळूंत हात-दीड हात उकरलें कीं झरा लागे. आई वाटीवाटीनें तें पाणी घागरींत भरी, आणि मी शेजारीं बसून वाटी बुडण्याचा आवाज ऐकत असें. पाणी असें निवळ कीं गाळावयास फडकें लागत नसे. पावसाळ्याचें पाणी वाळू पोटांत धरून ठेवी व कांठच्या विहिरींस हळुहळू देई. पुढें बांधकामें वाढलीं व वाळूस भाव आला. एका वर्षीं ज्वारी करपली, तेव्हां आबांनींही बैलगाडी वाळूच्या कामास लावली. नदी काय, फुकटची! माझी आठवीपासूनची फी, पुस्तकें आणि वसतिगृहाचा खर्च त्या गाडीवर निघाला. गाड्यांमागून ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरांमागून ट्रक आले. आज आमच्या गांवाजवळ पात्रांत खड्डे व उघडा खडक आहे. पूर येतो तो आल्या पावलीं निघून जातो, आणि आमची विहीर माघांतच तळ दाखविते.

आबांवर रागावण्याचा मला अधिकार नाहीं. त्या फीच्या पावत्या माझ्याच नांवाच्या आहेत.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सकाळीं खाडीवरून निघतांना वाळलेल्या शिंपल्यांचा एक सुरेख गड्डा मीं पिशवींत घातला होता. शाळेच्या विज्ञानकक्षास भेट द्यावा, असा हेतु. आबांनीं तो पाहिला होता. दुसऱ्या दिवशीं आमची गाडी दहा वाजतां होती. आबा पहाटेंच पिशवी घेऊन दारांत उभे.

ओहोटी आदल्या दिवसापेक्षां उशिरा होती. पाणी अजून उतरत होतें. आबांनीं धोतर वर खोंवलें आणि माझा हात धरून ते गुडघाभर पाण्यांत शिरले. दोन खडकांच्या बेचक्यांत, लाटेनें हलणार नाहीं अशा जागीं, तो गड्डा त्यांनीं दोन्ही हातांनीं दाबून बसविला व पुनः एकदां हलवून पाहिला. शेतांत मेख ठोकल्यावर ती ते तशीच हलवून पाहत असत.

पिशवी रिकामी झाली. खाडीचा वास मात्र सांगोल्यापर्यंत तिच्यांत राहिला.